सूच्याचे दृश्य आणि दृश्याची कृती : अद्भुतकथेच्या माध्यमांतराविषयी काही विचार

१

एखाद्या मान्यवर ग्रंथावरून चित्रपट निघाला की त्याची चर्चा बहुधा एकाच मापाने होते. मूळ ग्रंथातील कोणते प्रसंग गाळले, कोणते नवे घातले, कोणत्या पात्राचा स्वभाव पालटला, यांची यादी करावयाची आणि ती जितकी लांब तितके रूपांतर अप्रामाणिक ठरवावयाचे, ही ती रीत होय. ती सोयीची आहे; परंतु तिच्यात एक मूलगामी दोष आहे. तिच्या लेखी सर्व बदल सारख्याच मोलाचे असतात. एखादे गीत गाळणे आणि कथेच्या नैतिक कलाटणीचे कारणच बदलणे हे दोन्ही या यादीत एकेक ओळ अडवितात. कलाकृतीत काही भाग आनुषंगिक असतो आणि काही मर्मभूत असतो, हा भेद ती रीत ओळखीत नाही.

अद्भुतकथेच्या बाबतीत हा दोष विशेष जाणवतो. वास्तववादी कादंबरीतील घर, रस्ता, बाजार ही वाचकाने अन्यत्र पाहिलेली असतात. चित्रपटाने ती दाखविली तर वाचकाच्या मनातील चित्राशी फार तर तपशिलाचा भेद पडतो. अद्भुतकथेतील सृष्टी मात्र शब्दांखेरीज कोठेच नसते. ती पडद्यावर आणावयाची म्हणजे जे केवळ भाषेत होते त्याला देह द्यावयाचा. आणि ती खेळात आणावयाची म्हणजे त्या देहाला नियम लावावयाचे. या दोन्ही क्रियांत मूळ कृतीचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचन मोघम होऊ नये म्हणून एकच उदाहरण घेतले आहे. जे. आर. आर. टोल्किन यांचा ‘द हॉबिट’ हा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला; ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही महाकथा १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांत निघाली. या कथांची नभोवाणी, रेखाचित्रपट, अभिनीत चित्रपट, मालिका, संगणकीय खेळ आणि पटावरील खेळ अशी अनेक माध्यमांतरे झाली आहेत. त्याहून महत्त्वाचे असे की अद्भुतकथा आणि दृश्य कला यांच्या संबंधाविषयी टोल्किन यांनी स्वतः तात्त्विक लेखन केले आहे, आणि आपल्या ग्रंथाच्या एका प्रस्तावित पटकथेवर सविस्तर अभिप्रायही दिला आहे. सिद्धांत आणि त्याची कसोटी ही दोन्ही एकाच लेखकाकडून मिळण्याचा हा विरळा योग होय.

२

१९३९ च्या मार्च महिन्यात स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात टोल्किन यांनी परीकथांविषयी एक व्याख्यान दिले. १९४७ मध्ये ते विस्तारित निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. वाचक आपला अविश्वास बुद्ध्या बाजूस ठेवून कथा वाचतो, हे कोलरिजपासून चालत आलेले मत त्यांना अपुरे वाटले. त्यांच्या मते यशस्वी कथाकार एक दुय्यम सृष्टी उभारतो. वाचकाचे मन तीत प्रवेश करते आणि त्या सृष्टीच्या नियमांनुसार जे सांगितले जाते ते त्याला तेथे असेपर्यंत सत्यच वाटते. अविश्वास बाजूस ठेवण्याचा प्रयत्न करावा लागला, तर कथाकाराची किमया फसली असे समजावे.

याच निबंधात त्यांनी नाट्यकला ही अद्भुताला स्वभावतःच प्रतिकूल आहे असे प्रतिपादन केले. त्यांच्या आक्षेपाची दोन अंगे आहेत आणि ती वेगळी करून पाहिली पाहिजेत. पहिले अंग साधनांचे आहे. रंगभूमीवर मनुष्याने दुसऱ्या मनुष्याचे सोंग घेणे हीच मुळात एक बनावट सृष्टी असते. तिच्यावर आणखी एका अद्भुत सृष्टीचा भार घातला की तो पेलत नाही. ‘मॅक्‌बेथ’मधील चेटकिणी वाचताना सह्य होतात, रंगमंचावर होत नाहीत, हे त्यांचे उदाहरण. दुसरे अंग अधिक खोल आहे. शब्द मनाकडून मनाकडे जातो. कथेत ‘डोंगर’ म्हटला की प्रत्येक वाचक आपल्या अनुभवातील सर्व डोंगरांतून, आणि विशेषतः त्याच्या लेखी जो पहिला डोंगर असेल त्यातून, त्याला रूप देतो. चित्र मात्र सर्वांवर एकच रूप लादते.

हा विचार आपल्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त कथावस्तूचे दोन विभाग केलेले आहेत : जे रंगावर प्रत्यक्ष दाखवावयाचे व ऐकवावयाचे ते दृश्यश्रव्य, आणि ज्याची केवळ सूचना द्यावयाची ते सूच्य. सूच्य भाग विष्कंभक, प्रवेशक इत्यादी पाच अर्थोपक्षेपकांच्या द्वारे कळवावयाचा असतो. प्रत्यक्ष दाखवू नये अशा गोष्टींत दूरचा प्रवास, वध, युद्ध, राज्यातील उलथापालथ आणि नगराचा वेढा यांची गणना केलेली आहे. टोल्किन यांच्या महाकथेतील घटना पाहिल्या तर जवळजवळ हीच यादी हाती येते. अर्थात धनंजयाची कारणे आणि टोल्किन यांची कारणे एक नव्हेत. एकापुढे रंगभूमीचे औचित्य आणि रसपरिपोष आहे, दुसऱ्यापुढे वाचकाच्या कल्पनेचे स्वातंत्र्य. तथापि काय दाखवावे आणि काय केवळ सुचवावे हा निर्णय कलाकृतीच्या अर्थाचाच भाग असतो, हे दोघांनाही मान्य आहे. म्हणून ‘सूच्य’ आणि ‘दृश्य’ या संज्ञा पुढील विवेचनासाठी आपण स्वीकारू. खेळाचा विचार करताना त्यांना ‘कृती’ या तिसऱ्या संज्ञेची जोड द्यावी लागेल.

३

१९५७ साली अमेरिकेतील काही मंडळींनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर रेखाचित्रपट काढण्याचा प्रस्ताव टोल्किन यांच्यापुढे मांडला. त्यासाठी मॉर्टन ग्रेडी झिमरमन यांनी तयार केलेला कथासारांश त्यांनी तपासला आणि १९५८ मध्ये एका दीर्घ पत्रातून त्याची चिकित्सा केली. त्यांच्या पत्रसंग्रहात १९८१ पासून उपलब्ध असलेले हे पत्र माध्यमांतराच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावे अशा योग्यतेचे आहे.

सामान्य समजूत अशी की लेखकाला आपला प्रत्येक शब्द शाबूत हवा असतो. या पत्रातील टोल्किन तसे नाहीत. कथनकलेचे नियम माध्यमागणिक सर्वस्वी बदलत नाहीत, आणि वाईट चित्रपट फसतात ते बहुधा मूळ कृतीचे मर्म कोठे आहे हे न कळल्यामुळे, अतिरेकामुळे आणि अनाहूत भर घातल्यामुळे फसतात, अशी त्यांची भूमिका आहे. संक्षेपाला त्यांचा विरोध नाही. उलट, ते स्वतःच काय गाळावे ते सुचवितात. दुसऱ्या खंडात हॉर्नबर्ग किल्ल्यावरील लढाई आणि एंट नामक वृक्षपालांचे आख्यान ही दोन्ही नीट दाखविण्यास अवकाश नसेल तर लढाई गाळावी, असे त्यांनी लिहिले. कारण मुख्य कथेच्या दृष्टीने ती आनुषंगिक आहे, पुढे एक मोठी लढाई यावयाचीच आहे, आणि लढाया एकमेकींसारख्या दिसू लागतात. काळ्या स्वारांच्या किंकाळ्यांनाही त्यांचा आक्षेप होता. त्यांचे मौन अधिक भयप्रद आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे १९३९ चा सिद्धांत १९५८ मध्ये व्यवहारात उतरला : भय जितके सूच्य, तितके ते प्रभावी.

मग या महाकथेचे मर्म कोठे आहे? कथेतील अंगठी म्हणजे दुसऱ्यांच्या इच्छेवर स्वामित्व मिळविण्याची शक्ती. शत्रूला जिंकण्यासाठी ती वापरावी हा सर्वांत सोपा मार्ग. आणि कथेतील सर्व शहाणी माणसे तो नाकारतात. गँडाल्फ ती स्वीकारण्यास नकार देतो, गॅलाड्रिएल देऊ केलेली अंगठी नाकारते, फारामिर ती हाती येण्याजोगी असताना घेत नाही. सामर्थ्य मिळविण्याच्या असंख्य कथा जगात आहेत. हाती आलेले सामर्थ्य नष्ट करण्यासाठी निघालेल्या माणसांची ही कथा आहे. तिचा शेवट त्याहून विलक्षण आहे. अग्निकुंडाच्या काठी पोहोचलेला फ्रोडो अंगठी टाकू शकत नाही. तो तिच्यावर आपला हक्क सांगतो. गॉलम त्याचे बोट तोडून अंगठी घेतो आणि आनंदाने नाचताना पाय चुकून कुंडात पडतो. तो तेथवर जिवंत असतो याचे कारण बिल्बो, फ्रोडो आणि सॅम या तिघांनी वेगवेगळ्या वेळी त्याला मारण्याची संधी असताना मारलेले नसते. १९६३ मधील एका पत्रात टोल्किन यांनी स्पष्ट केले आहे की त्या क्षणी अंगठीचा दाब मानवी इच्छाशक्तीच्या पलीकडचा होता. फ्रोडोच्या पूर्वीच्या दयेने निर्माण केलेल्या परिस्थितीमुळेच कार्य सिद्धीस गेले. त्याग आणि दया ही दोन मूल्ये या कथेत पराक्रमाहून वर ठेवलेली आहेत. कोणत्याही माध्यमांतराला हाच प्रश्न विचारावयाचा आहे : ही उतरंड तेथे टिकते काय?

४

या ग्रंथांचे चित्रपटविषयक हक्क १९६९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीकडे गेले आणि १९७६ मध्ये सॉल झेंट्झ यांच्याकडे आले. राल्फ बाक्शी यांचा १९७८ चा रेखाचित्रपट कथेच्या मध्यावर, हेल्म्स डीपच्या लढाईशी थांबला. पुढे पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये तिन्ही भागांचे मुख्य चित्रण १९९९ ते २००० या काळात एकत्रच केले. २००१, २००२ आणि २००३ च्या डिसेंबरात ते प्रदर्शित झाले. चित्रपटगृहांत दाखविलेल्या तिन्ही भागांची लांबी सुमारे सव्वानऊ तास भरते. तिसऱ्या भागाला २००४ मध्ये ११ ऑस्कर पारितोषिके मिळाली.

या चित्रत्रयीने टोल्किन यांच्या पहिल्या आक्षेपाला, म्हणजे साधनांच्या अपुरेपणाला, निर्णायक उत्तर दिले. ग्रंथाचे चित्रकार म्हणून आधीच ख्यातनाम असलेले ॲलन ली आणि जॉन हाउ यांनी वास्तू, शस्त्रे, लेणी यांची रूपे ठरविली. स्टीफन रेजेलस यांनी रचलेल्या ‘मॅसिव्ह’ या संगणकप्रणालीने युद्धातील प्रत्येक आभासी सैनिकाला भोवतालची परिस्थिती पाहून हालचाल करण्याची क्षमता दिली. अँडी सर्किस यांचा आवाज, हालचाली व मुद्राभिनय यांवरून संगणकाने गॉलम घडविला. सोंगावर सोंग ही अडचण येथे उरलीच नाही. गॉलमच्या बाबतीत तर चित्रपटाने एक खरा माध्यमधर्म शोधला. ग्रंथात त्याचा स्वतःशी चाललेला वाद सॅमला ऐकू येतो. २००२ च्या चित्रपटात दोन माणसे समोरासमोर बोलत असावीत तसा कॅमेरा एकाच मुखाच्या दोन बाजूंमध्ये फिरतो. शब्दांनी जे सुचविले ते येथे दृश्य झाले, तरी मर्म ढळले नाही. मनुष्य आपल्याच वासनेचा गुलाम कसा होतो हे उलट अधिक स्पष्ट झाले.

परंतु दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर तंत्राने देता येत नाही, आणि जेथे चित्रपट मर्मापासून सरकला तेथे त्याची कारणे माध्यमाच्या व्याकरणात शोधावी लागतात. पहिले उदाहरण हेल्म्स डीपचेच. ग्रंथाच्या एकूण ६२ प्रकरणांपैकी एका प्रकरणात उरकणारी ही लढाई २००२ च्या चित्रपटाचा कळस झाली. लेखकाने प्रसंगी गाळावी म्हटलेली लढाईच प्रधान ठरली. याला निर्मात्यांची अरसिकता हे कारण नव्हे. स्वतंत्रपणे प्रदर्शित होणाऱ्या प्रत्येक भागाला आपला परमोत्कर्ष लागतो. मधल्या खंडाला ग्रंथात तो नाही, कारण ग्रंथ मुळात एकच आहे, तीन नव्हेत.

दुसरे उदाहरण फारामिरचे. ग्रंथातील फारामिर मोह ओळखतो आणि त्याला सहजपणे दूर सारतो. चित्रपटातील फारामिर फ्रोडोला बंदी करून ऑस्गिलिअथपर्यंत नेतो आणि मगच सोडतो. फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयेन्स आणि जॅक्सन या पटकथाकारांनी याचे समर्थन असे केले आहे की अंगठीचा प्रभाव वाढत आहे असे सतत दाखवीत असताना एखाद्याने तिला सहज नाकारले तर तो प्रभाव तत्क्षणी ओसरतो. युक्तिवाद नाट्यदृष्ट्या बिनतोड आहे. पण त्याची किंमतही ध्यानी घेतली पाहिजे : मोहाची शक्ती दृश्य करण्यासाठी, मोह ज्याला स्पर्श करीत नाही अशा मनुष्याची शक्यता गमवावी लागली.

तिसरे उदाहरण अग्निकुंडाच्या काठचे. तेथे चित्रपटातील फ्रोडो उठून गॉलमशी झटापट करतो आणि त्या झटापटीत दोघेही कड्यावरून जातात, फ्रोडो वाचतो. दयेचे फळ म्हणून घडलेली घटना येथे संघर्षाचे फळ होते. कथानायकाने निर्णायक क्षणी काही तरी केलेच पाहिजे, या पडद्याच्या अपेक्षेने हा बदल घडविला आहे. नायकाचे अपयश आणि कार्याची सिद्धी ही एकाच क्षणी ग्रंथात नांदतात. पडद्याला ते जड गेले.

सूच्याचे दृश्य करण्याची प्रवृत्ती ‘द हॉबिट’च्या चित्रत्रयीत (२०१२ ते २०१४) टोकाला गेली. मूळ ग्रंथ एका लहानशा खंडाचा. त्यात गँडाल्फ अरण्याच्या कडेला सोबत्यांचा निरोप घेतो आणि तो मध्यंतरी कोठे होता हे शेवटी काही वाक्यांत कळते; चित्रपटांनी त्या काही वाक्यांचे स्वतंत्र उपकथानक केले. पाच सैन्यांच्या लढाईत डोक्याला दगड लागून बिल्बो बेशुद्ध पडतो आणि लढाईचा शेवट त्याला, म्हणून वाचकालाही, मागाहून ऐकून कळतो. त्या लढाईवर तिसऱ्या चित्रपटाची उभारणी झाली. संस्कृत परिभाषेत बोलावयाचे तर विष्कंभकांचे अंक केले गेले. बिल्बोचे बेशुद्ध पडणे ही लेखकाची पळवाट नव्हती. युद्ध हे या लहान माणसाचे क्षेत्र नव्हे. त्याचे खरे कृत्य लढाईपूर्वीच, तंटा मिटावा म्हणून अमोल रत्न स्वेच्छेने देऊन टाकण्यात, होऊन गेलेले असते. युद्धाला जितके तास मिळाले, तितके ते दान पडद्यावर लहान झाले.

२०२२ मध्ये सुरू झालेली ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका या प्रवृत्तीचे पुढचे पाऊल आहे. तिची उभारणी मुख्यतः महाकथेच्या परिशिष्टांतील संक्षिप्त कालपटावर आहे. अशा वेळी प्रश्न केवळ रूपांतराचा राहत नाही. जेथे लेखकाने मौन धरले तेथे दुसऱ्याने बोलावे काय, असा तो होतो.

५

चित्रपटाचा प्रेक्षक पाहतो. खेळाचा खेळाडू करतो. म्हणून खेळातील अर्थ हा प्रामुख्याने दृश्यांत नसून नियमांत असतो : कशाला बक्षीस मिळते, कशाला दंड होतो, आणि कोणती कृती मुळी शक्यच नाही. खेळाच्या पेटीवर मूळ ग्रंथाचे नाव असले तरी नियम वेगळेच काही सांगत असू शकतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ चा खेळ याचे आरंभीचे उदाहरण होय. त्याने टोल्किन यांच्या सृष्टीतील अनेक प्राणी उचलले. हक्कधारकांच्या आक्षेपानंतर ‘हॉबिट’चे ‘हाफलिंग’ झाले. पण नियम पाहावेत. राक्षस मारून आणि धन मिळवून अनुभवगुण मिळतात, अनुभवगुणांनी पायरी चढते आणि पायरीबरोबर सामर्थ्य वाढते. ‘द हॉबिट’मध्ये धनाचा लोभ हा एक रोग आहे, आणि बिल्बो शहाणा ठरतो तो धन सोडल्याने. खेळाने प्राणी घेतले, मूल्यांचा क्रम उलटा केला. पुढील कितीतरी संगणकीय खेळांनी हीच वाढत्या सामर्थ्याची चौकट उचलली. म्हणून हे उलटेपण आजही टिकून आहे.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील बीम सॉफ्टवेअर या संस्थेसाठी फिलिप मिचेल आणि व्हेरोनिका मेगलर यांनी केलेला ‘द हॉबिट’ हा खेळ याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. अवघ्या ४८ किलोबाइट स्मृतीच्या गृहसंगणकावर तो चालत असे. त्यात खेळाडू इंग्रजी वाक्ये टंकून आज्ञा देई. त्यातील पात्रे खेळाडूची वाट न पाहता आपापले उद्योग करीत. थोरिन मधेच बसून सोन्याची गाणी म्हणू लागे. नकाशा वाचावयाचा तर तो वाचण्याची विनंती एल्रॉन्डला करावी लागे. चित्रे थोडी आणि साधी होती. पण बिल्बो स्वतः दुबळा आहे, जग त्याच्या भोवती फिरत नाही, त्याला इतरांच्या मदतीवाचून गती नाही, हे ग्रंथातील सत्य नियमांतच उतरले होते. साधनांचे दारिद्र्य हे मर्माच्या आड येतेच असे नाही, हा धडा येथे मिळतो.

याच्या नेमके उलट चित्र ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’ (२०१४) या खेळात दिसते. खेळरचना म्हणून तो उच्च प्रतीचा आहे. शत्रुपक्षाचे सरदार खेळाडूशी झालेल्या पूर्वीच्या गाठी लक्षात ठेवतात आणि त्यानुसार वागतात, ही त्याची योजना नावाजली गेली. परंतु खेळाच्या उत्तरार्धात खेळाडूला जे प्रमुख सामर्थ्य लाभते ते शत्रूच्या सैनिकांच्या इच्छेवर ताबा मिळवून त्यांना आपले दास करण्याचे. महाकथेत ज्या शक्तीला अनिष्टाचे मूळ म्हटले आहे तीच येथे कौशल्य म्हणून हाती येते. २०१७ च्या उत्तरखेळात नायक नवी अंगठी घडविण्यात सहभागी होतो आणि शेवटी स्वतः सॉरॉनच्या अंगठीदासांपैकी एक होतो. रचनाकारांना विसंगतीची जाणीव होती असे या शेवटावरून म्हणावयास हरकत नाही. मात्र कथा शेवटी जो इशारा देते, त्याच्या विरुद्धची सवय नियमांनी खेळाडूला तासन्‌तास लावलेली असते.

यावरून खेळ हे माध्यमच त्यागाच्या कथेला अयोग्य आहे असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा होईल. रायनर क्निझिया या जर्मन गणितज्ञाने २००० साली या महाकथेवर पटावरील एक खेळ रचला. त्यात खेळाडू परस्परांचे प्रतिस्पर्धी नसतात. सर्वजण हॉबिट होऊन एकत्र जिंकतात किंवा एकत्र हरतात. पटावर भ्रष्टतेची एक रेषा आहे. तिच्या एका टोकाकडून हॉबिट पुढे ढकलले जातात, दुसऱ्या टोकाकडून सॉरॉन सरकत येतो. अंगठी घातली तर वाट लवकर कापता येते. पण त्यासाठी आधी फासा टाकून त्याचे अनिष्ट फळ सोसावे लागते. सॉरॉनने गाठलेला खेळाडू बाद होतो, आणि तो अंगठीधारक असेल तर खेळच संपतो. इतरांना पुढे जाता यावे म्हणून एखाद्याने स्वतः तोटा पत्करणे ही येथे हुशार खेळी ठरते. मोह, सोबत आणि आत्मार्पण या तिन्ही गोष्टी निवेदनात नव्हे, तर नियमांत आहेत.

२००४ चा ‘वॉर ऑफ द रिंग’ हा तीन इटालियन रचनाकारांचा खेळही याच वाटेचा आहे. त्यात एक पक्ष सैन्याने प्रबळ आणि दुसरा दुर्बळ असतो. दुर्बळ पक्षाची मुख्य आशा अंगठीधारकाच्या गुप्त प्रवासात असते. आणि तो प्रवास जितक्या घाईने करावा तितका शत्रूच्या शोधात सापडण्याचा व भ्रष्टता वाढण्याचा धोका वाढतो. लढाया येथेही आहेत, पण दुर्बळ पक्षाकडून त्या बहुधा वेळ काढण्यासाठी होतात. ग्रंथाच्या अंतिम भागात राजांचे सैन्य मॉर्डॉरच्या दाराशी जाते ते जिंकण्यासाठी नव्हे, तर शत्रूचे लक्ष वेधण्यासाठी. या खेळात पराक्रमाचे स्थान ग्रंथातल्याप्रमाणेच त्यागाच्या खाली राहिले आहे.

६

येथे मराठी अभ्यासकाच्या मनात एक शंका सहज येईल. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांत अद्भुत प्रसंग छायाचित्रणाच्या युक्त्यांनी दाखविले, आणि प्रेक्षकांनी ते मनोभावे स्वीकारले. मग सूच्य आणि दृश्य यांचा हा विरोध तेथे का उद्‌भवला नाही? उत्तर असे की पौराणिक कथा कोणा एका लेखकाच्या शब्दांत बंदिस्त नसते. एकनाथांचे रामायण वेगळे, श्रीधराचे वेगळे, मोरोपंतांची रामायणे आणखी वेगळी. कीर्तन, चित्र, मूर्ती यांतून तिला शतकानुशतके रूप मिळालेले असते आणि प्रेक्षक ती कथा मनात घेऊनच येतो. चित्रपट हे तिचे आणखी एक कथन ठरते. टोल्किन यांची सृष्टी एका व्यक्तीने रचलेली आहे. तेथे सूच्य किती ठेवावे याचा निर्णयही त्या एका रचनेचा अंश आहे. मात्र मर्माचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. हनुमंताचे उड्डाण कितीही भव्य दाखविले, पण त्यातील दास्यभक्ती लोपली, तर कथेचे काय उरले असे कीर्तनकारही विचारीलच.

या विवेचनातून माध्यमांतराच्या अभ्यासासाठी तीन प्रश्नांचा एक क्रम सुचविता येतो. प्रथम, मूळ कृतीतील मूल्यांची उतरंड कोणती आणि ती कोणत्या प्रसंगांवर उभी आहे? दुसरा, मूळ लेखकाने जे सूच्य ठेवले ते दृश्य करताना त्या उतरंडीला धक्का बसतो काय? गॉलमच्या संवादात बसला नाही. अग्निकुंडाच्या काठी बसला. तिसरा, माध्यमांतर खेळाच्या रूपाचे असेल तर नियम कोणत्या कृतीला बक्षीस देतात? या क्रमाने विचार केला तर प्रसंगांच्या वजाबाकीची यादी गौण ठरते. क्निझिया यांच्या पटावर ग्रंथातील बहुतेक प्रसंग एखाद्या चित्रापुरते आहेत, तरी तो खेळ ग्रंथाच्या जवळचा आहे. उलट मॉर्डॉरचे तपशीलवार दर्शन घडविणारा खेळ त्याच्यापासून दूर गेला आहे.

हा प्रश्न केवळ रसिकांच्या वादाचा नाही. या ग्रंथांच्या चित्रपट व खेळविषयक हक्कांचा मोठा भाग २०२२ मध्ये एका स्वीडिश खेळ-उद्योगसमूहाने विकत घेतला. यापुढेही नवी रूपांतरे निघत राहतील. आज अनेक तरुणांची या कथेशी पहिली भेट पडद्यावर किंवा खेळात होते, आणि पुष्कळांची ती एकमेव भेट असते. त्यांना जी कथा भेटेल ती सामर्थ्य मिळविण्याची असेल की सामर्थ्य नाकारण्याची, हे रूपांतरकार ठरवितो. पहिल्या प्रकारच्या कथांची जगाला कधीच वाण पडली नाही. दुसऱ्या प्रकारच्या कथा थोड्या आहेत. म्हणून त्यांचे माध्यमांतर करणाऱ्याने काय दाखविले याइतकेच, काय न दाखविता राखले, हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे.